व्हिएतनाम युद्धातल्या टेहळणी पथकांचे भरतकामाचे बिल्ले : निवडायचे कसे, ओळखायचे कसे, जपायचे कसे

लाओसच्या जंगलात हेलिकॉप्टरमधून उतरणाऱ्या सॉगच्या, म्हणजे व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकेच्या एका गुप्त दलाच्या, पथकाच्या अंगावर ओळखीची एकही खूण नसे. छातीवर नावाची पट्टी नाही, खांद्यावर हुद्दा नाही, गळ्यात ओळखीचा धातूचा बिल्लाही नाही. पकडले गेले किंवा मारले गेले, तर अमेरिकेला हात झटकता यावेत म्हणून ही तजवीज होती. तेव्हा एखादा विक्रेता सॉगचा पॅच दाखवून ‘हा सीमेपलीकडच्या मोहिमेत घातलेला आहे’ असं सांगू लागला, की पॅचकडे बघण्याआधीच त्याची गोष्ट बाजूला ठेवायची. या छंदात गोष्टी फुकट मिळतात आणि त्यांचीच किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. आपण पैसे द्यायचे ते कापड, धागा, टाका आणि कागदपत्रं यांना.

या लेखातल्या पायऱ्या सुरुवात करणाऱ्यासाठी आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला लष्करी वस्तूंची प्रदर्शनं आणि घरगुती सामानाची विक्री दाराशी असते. पुण्या-मुंबईतल्या माणसाचा बहुतेक व्यवहार फोटो बघून आणि टपालाने होतो. त्यामुळे फोटोवरून काय मागायचं, काय बघायचं यावर भर दिला आहे.

आधी कुंपण घाला

‘व्हिएतनामचे पॅच’ एवढाच विषय घेतला तर आयुष्य पुरणार नाही. टेहळणी पथकांचे ढोबळमानाने चार गट पडतात.

पहिला गट सॉगचा, म्हणजे ‘स्टडीज अँड ऑब्झर्व्हेशन्स ग्रुप’चा. स्थापना २४ जानेवारी १९६४. कागदोपत्री अभ्यासगट, प्रत्यक्षात हो ची मिन्ह मार्गावर (उत्तर व्हिएतनामची दक्षिणेकडे जाणारी रसदीची वाट), लाओस आणि कंबोडियात शिरून टेहळणी, अपहरण, घातपात. पथकांना अमेरिकी राज्यांची नावं असत (आयडाहो, ओहायो, कॅलिफोर्निया, मेन), पुढे सापांचीही आली (पायथन, ॲडर, अ‍ॅस्प). एका पथकात दोन-तीन अमेरिकी आणि बाकीचे माँटेन्यार्ड किंवा नुंग या तिथल्या जमातींचे, नाहीतर व्हिएतनामी. दा नांग, कॉन्टुम आणि बान मे थुओट इथल्या तळांवरून उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा तीन कमांड चालत.

दुसरा गट ‘लर्प’चा, म्हणजे लांब पल्ल्याच्या टेहळणी गस्तीचा. डिव्हिजन आणि ब्रिगेडच्या या तुकड्या पुढे रेंजर कंपन्या झाल्या. तिसरा गट न्हा ट्रांगच्या रेकॉन्डो स्कूलचा. १९६६ ते १९७० या काळात चाललेल्या या शाळेत लर्पवाल्यांना शिकवलं जाई आणि उत्तीर्ण झालेल्याला बाणाच्या टोकाच्या आकाराचा पॅच मिळे. चौथा गट डेल्टा, सिग्मा आणि ओमेगा या ‘प्रोजेक्ट्स’चा, म्हणजे अमेरिकी स्पेशल फोर्सेसच्या टेहळणी तुकड्यांचा.

माझा सल्ला विचाराल तर नवख्याने सॉगकडे जाऊच नये. सगळ्यांना हवे असलेले आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त नकली पॅच तिथेच आहेत. सुरुवात रेंजर कंपन्यांच्या फितींपासून, म्हणजे कंपनीचं नाव भरलेल्या खांद्यावरच्या पट्ट्यांपासून, करा. त्यांचा इतिहास लिखित आहे, तारखा पक्क्या आहेत आणि पॅच त्या तारखांशी जुळवून बघता येतो. त्याहून स्वस्त सुरुवात म्हणजे स्पेशल फोर्सेसचा साधा, अमेरिकेत बनलेला खांद्यावरचा बिल्ला : निळसर बाणाग्र, त्यात तलवार आणि तीन विजा. तो १९५५ पासून अधिकृत आहे आणि मोठ्या संख्येने बनला आहे, त्यामुळे तो घेताना मोठी फसवणूक होण्याची भीती कमी. हातात धरून शिकायला असे दोन-तीन पॅच पुरतात.

हे पॅच बनत कसे, ते समजून घ्या

अमेरिकेत बनलेले अधिकृत पॅच कारखान्यातल्या मोठ्या यंत्रांवर भरलेले असत. टाके एकसारखे, दोन पॅचमध्ये फरक जवळपास नाही. जुन्या पॅचची कड नुसती कापलेली असे. १९६०च्या दशकात ‘मेरो’ यंत्राची जाड, गोल गोटासारखी कड रूढ झाली. आपल्याकडे शिंपी ओव्हरलॉक मारतो तोच प्रकार, फक्त अधिक दाट. अशा पॅचच्या मागे कडेच्या धाग्याची छोटी शेपटी लोंबत असते.

पथकांचे अनधिकृत पॅच मात्र स्थानिक शिंप्यांकडून करून घेतलेले असत. पथकप्रमुख कागदावर चित्र काढून देई. दा नांग किंवा कॉन्टुमच्या छावणीबाहेरचा शिंपी दोन-चार डझन नग करून देई. सुटीवर बँकॉक, तैपेई किंवा ओकिनावाला गेलेला एखादा तिथूनही बनवून आणी. प्रमुख बदलला, शिंपी बदलला, की चित्रात फरक पडे. म्हणून एकाच पथकाचे दोन अस्सल पॅच तंतोतंत सारखे नसणं स्वाभाविक आहे. उलट सहा वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे टाक्याला टाका जुळणारे पॅच दिसले तर ते एकाच आधुनिक यंत्रातून निघाले असावेत असं समजा.

हे काम बहुतांशी हाताने कापड फिरवत, झिगझॅग सुईच्या शिलाई मशीनवर केलेलं असे. ते कसं दिसतं हे शिकण्यासाठी सायगॉनला जायला नको. तुमच्या गावात ब्लाउजवर मशीनने भरतकाम करणारे असतील, त्यांच्याकडे जा. रिंगेत कापड ताणून हाताने फिरवत अक्षरं काढायला सांगा आणि तो तुकडा घरी आणा. मग शाळेच्या गणवेशाचे बिल्ले कॉम्प्युटर मशीनवर काढणाऱ्याकडून तीच अक्षरं काढून घ्या. दोन्ही तुकडे उलटे करून शेजारी ठेवा. एका तासात जे डोळ्यांत बसतं ते महिनाभर फोटो बघून बसत नाही.

हाताने फिरवलेल्या कामात टाक्यांची घनता कमी-जास्त होते, वळणावर धागे एकमेकांवर चढतात, सरळ रेघ किंचित डुलते. मागच्या बाजूला एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षराकडे गेलेल्या धाग्याच्या उड्या दिसतात, सुटी टोकं दिसतात. कॉम्प्युटरच्या कामात प्रत्येक ‘आर’ दुसऱ्या ‘आर’सारखाच असतो. मागे बहुधा पांढरा बॉबिनचा धागा शिस्तीत पसरलेला असतो आणि त्याखाली न विणलेलं, कागदासारखं फाटणारं अस्तर असतं.

मागची बाजू आधी बघा

पॅच हातात आला की आधी उलटा करायचा. फोटो मागवताना पहिला फोटो मागच्या बाजूचा मागायचा. तो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

स्थानिक पॅचच्या मागे जाळीदार कापड, मांजरपाट, जाड कागद किंवा जुन्या गणवेशाचा तुकडा सापडतो; कधी अस्तरच नसतं. कड कात्रीने कापलेली किंवा आत दुमडून टाचलेली असते. मागे इस्त्रीने चिकटवायचा चकचकीत गोंदाचा थर असेल किंवा वेल्क्रो शिवलेलं असेल, तर त्या पॅचवर वेळ घालवू नका. वेल्क्रोवर पॅच लावायची पद्धत अमेरिकी लष्करी गणवेशात २००० नंतरच्या दशकात रुळली.

पॅच गणवेशावरून काढलेला असेल तर कडेने सुईची भोकं दिसतात, शिवणीच्या धाग्याचे तुकडे अडकलेले असतात आणि शिवणीखाली झाकली गेलेली पट्टी बाकीच्या कापडापेक्षा गडद राहिलेली असते. ही शेवटची खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खरं फिकेपण उन्हाने आणि धुण्याने पुढून येतं. मागची बाजू आणि टाक्यांच्या आतला धागा ताजा राहतो. चहाच्या पाण्यात बुडवून ‘म्हातारा’ केलेला पॅच पुढून-मागून सारखाच तपकिरी असतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि सुईच्या टोकाने दोन टाके हलकेच बाजूला सारून आतला रंग बघा. सँडपेपरने घासलेल्या पॅचवर उंच टाक्यांचे धागे केसाळ झालेले दिसतात, पण खोलगट भागात मळ नसतो.

न वापरलेले, कोरे अस्सल पॅचही असतात. जवान एक शिवून घेत, बाकीचे पेटीत टाकत. त्यामुळे कोरेपणा हा दोष नाही. मात्र तेव्हा कागदपत्रांची मागणी दुप्पट करा.

जांभळ्या दिव्याची परीक्षा आणि तिच्या मर्यादा

अतिनील टॉर्च पॅचवर मारायची आणि पांढरा धागा निळसर चमकला तर पॅच नकली म्हणायचं, हा सोपा नियम तुम्हाला जागोजागी सांगितला जाईल. दुसऱ्या महायुद्धाच्या पॅचबाबत त्यात थोडं तथ्य आहे. व्हिएतनामच्या पॅचबाबत तो नियम तुटतो, कारण चमक आणणारी रसायनं धुण्याच्या पावडरीत १९५०च्या दशकातच आली होती. १९६८ साली अमेरिकी साबणाने धुतलेला अस्सल पॅचही चमकतो. आणि न चमकणारा धागा आजही बाजारात मिळतो, हे नकली बनवणाऱ्याला तुमच्या-माझ्याइतकंच ठाऊक आहे.

टॉर्च वापरायची ती दुरुस्ती शोधायला. सगळा पॅच मंद आणि एकच अक्षर लखलखीत असेल, तर ते अक्षर नंतर भरलेलं आहे.

धागा जाळून बघायचा उपायही सांगितला जातो. सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. मागे लोंबणारं सुटं टोक असेल आणि पॅच तुमचा असेल तरच हे करा. दुसऱ्याच्या पॅचचा धागा उपटणं हा उद्धटपणा आहे. एकट्या या परीक्षेवर निकाल देऊ नका. वासावर तर मुळीच नाही, कारण कुबट वास आठवडाभर ओल्या पेटीत ठेवूनही येतो.

तारखा जुळवा

इथे अभ्यास करणाऱ्याला खरा फायदा होतो, कारण नकली बनवणारे टाक्यांवर मेहनत घेतात आणि इतिहासावर घेत नाहीत.

१ फेब्रुवारी १९६९ रोजी व्हिएतनाममधल्या लर्प तुकड्यांना ७५व्या इन्फंट्रीच्या रेंजर कंपन्या असं नवं नाव मिळालं. त्याआधी १०१व्या एअरबोर्नची लर्प तुकडी ५८व्या इन्फंट्रीची एफ कंपनी होती, ती एल कंपनी झाली. पहिल्या कॅव्हलरीची ५२व्या इन्फंट्रीची ई कंपनी एच झाली. चौथ्या डिव्हिजनची के, १७३व्या ब्रिगेडची एन. म्हणजे ‘७५ इन्फंट्री, रेंजर’ असं भरलेली फीत १९६७-६८ची म्हणून कुणी विकत असेल, तर तारीख तरी चूक आहे किंवा फीत तरी.

व्हिएतनाममध्ये सी ते आय आणि के ते पी अशा १३ कंपन्या होत्या. जे नावाची कंपनी नव्हती. अमेरिकी सैन्यात कंपनीसाठी ते अक्षर परंपरेने वगळतात. तरीही ‘जे कंपनी रेंजर’ची फीत बाजारात दिसली तर नवल वाटू देऊ नका. जे कधी अस्तित्वातच नव्हतं त्याचे पॅच बनतात, संग्राहक त्यांना ‘फँटसी’ म्हणतात. डी कंपनीचा इतिहास मात्र मुद्दाम वाचण्यासारखा आहे. इंडियाना राज्याच्या नॅशनल गार्डची १५१व्या इन्फंट्रीची डी कंपनी १९६८च्या अखेरीस व्हिएतनाममध्ये आली आणि ‘इंडियाना रेंजर्स’ म्हणून ओळखली गेली. तिथे १५१ हा आकडा दिसला म्हणून पॅच नाकारू नका.

‘७५ रेंजर रेजिमेंट’ हे पूर्ण नाव १९८०च्या दशकातलं. ते शब्द असलेला पॅच व्हिएतनामचा असूच शकत नाही. तसंच पाचव्या स्पेशल फोर्सेस ग्रुपने मार्च १९७१ मध्ये देश सोडला आणि सॉग १९७२च्या एप्रिलअखेर बंद झालं. चौथी डिव्हिजन १९७०च्या शेवटी परतली. तुमच्या गटातल्या प्रत्येक तुकडीची आगमनाची आणि परतीची तारीख एका वहीत लिहून ठेवा. अशी वही कुठल्याही टॉर्चपेक्षा जास्त पैसे वाचवते.

शब्दलेखनाच्या चुकांबद्दल थोडं सावध. इंग्रजी न येणाऱ्या शिंप्याने भरलेल्या अस्सल पॅचवर चुका आढळतात, म्हणून काही जण चुकीलाच अस्सलपणाचा पुरावा मानतात. नकलीवाले ती चूकही नक्कल करतात. शब्दलेखनातली चूक हा कुठल्याच बाजूचा कौल धरू नका.

कागदपत्रं : कुणाकडून, कुणाकडे

सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे त्या काळातला फोटो, ज्यात ओळखता येणारा जवान तोच पॅच खिशावर लावून उभा आहे. छावणीतले, मेजवानीतले फोटो यासाठी उपयोगी. पथकांचे पॅच खिशावर, पार्टी जॅकेटवर, छावणीत मिरवायला असत. त्याखालोखाल जवानाची किंवा त्याच्या कुटुंबाची सही असलेलं पत्र, सेवेच्या नोंदी, बदलीचे आदेश. रेकॉन्डो स्कूलमध्ये प्रत्येक पदवीधराला क्रमांक मिळे, त्यामुळे पॅचसोबत प्रमाणपत्र असेल तर नाव, तारीख आणि क्रमांक आपसांत जुळतात का ते बघा.

पत्र वाचताना एक गोष्ट तपासा. त्यात ‘हा पॅच’ म्हणजे कोणता, हे फोटोसह लिहिलंय का? ‘माझ्या संग्रहातले काही पॅच मी अमुक व्यक्तीला दिले’ एवढंच लिहिलेलं पत्र कुठल्याही पॅचला चिकटवता येतं, आणि तसं ते चिकटवलं जातं.

माजी जवानांच्या संमेलनांसाठी युद्धानंतर बनलेले पॅचही बाजारात येतात. ते नकली म्हणून बनलेले नसतात, पण युद्धकालीनही नसतात. ‘एका सॉगवाल्याकडून मिळाला’ हे वाक्य खरं असू शकतं आणि तरीही पॅच १९९०च्या दशकातला असू शकतो. ‘कुणाकडून?’ याबरोबर ‘त्यांना कधी मिळाला?’ हेही विचारा.

माजी सैनिकांशी थेट संपर्क आलाच तर पहिल्या भेटीत विकत घ्यायची भाषा काढू नये. त्या पथकांमधले बरेच जण परत आले नाहीत. आठवणी ऐकायला मिळाल्या तर परवानगीने टिपून ठेवा. पॅच मिळाला नाही तरी ती माहिती पुढच्या दहा पॅचची पारख करायला उपयोगी पडते.

विकत घेताना

हो ची मिन्ह सिटीतला दान सिन्ह बाजार युद्धसामानासाठी प्रसिद्ध आहे. सहलीला गेलात तर जरूर फिरा, पण तिथे मांडलेला माल मुख्यतः पर्यटकांसाठी नव्याने बनवलेला असतो असं धरूनच फिरा. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अस्सल सॉग पॅच मिळेल ही आशा सोडा. जरीचे बिल्ले दिसले तर आणखी जपून. बनारस आणि सियालकोटचे कारागीर परदेशी सैन्यांसाठी आजही उत्तम जरीचे बिल्ले बनवतात. काम हातचं आणि देखणं असतं, पण त्याने वय सिद्ध होत नाही.

खरेदी जुन्या, नाव असलेल्या विक्रेत्याकडून किंवा लिलावगृहाकडून करावी. पैसे देण्याआधी लेखी हवं ते असं : पॅच युद्धकालीन असल्याची हमी, ती हमी किती काळ टिकेल आणि खोटा ठरल्यास पूर्ण परतावा. ‘काळातला वाटतो’, ‘व्हिएतनाम शैलीचा’ ही वाक्यं हमीत मोडत नाहीत. फोटो पुढून, मागून, कडेचा जवळून आणि मोजपट्टी ठेवून काढलेला मागा. मिळालेले फोटो अनुभवी संग्राहकांना दाखवताना किंमत आणि विक्रेत्याची गोष्ट सांगू नका. नुसता पॅच दाखवा आणि त्यांना बोलू द्या.

परदेशातून मागवताना पार्सलवर ‘जुने भरतकामाचे कापडी बिल्ले’ असं स्पष्ट वर्णन आणि खरी किंमत लिहायला सांगा. सीमाशुल्क भरावं लागेल ते हिशोबात धरा. शुल्क वाचवायला कमी किंमत लिहून घेतली आणि पार्सल हरवलं, तर भरपाईही तेवढीच मिळते.

जपणूक, आणि आपला पावसाळा

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने संग्रहाआधी कपाटाची सोय करावी. सुती कापड, खळ आणि कागदाचं अस्तर हे तिन्ही कसरीचं आवडतं खाद्य, आणि जून ते सप्टेंबर बुरशीला रान मोकळं.

पॅच धुवू नका, इस्त्री करू नका. स्थानिक धाग्यांचे रंग पक्के नसतात. लाल रंग पांढऱ्यात उतरला की गेला. धूळ मऊ ब्रशने झटका. चिकट पानांचे फोटो अल्बम आणि पीव्हीसीची मऊ पाकिटं टाळा. त्यातून सुटणारी रसायनं धाग्याला लागतात. आम्लरहित कागद आणि पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं वापरा, पाकिटाचं एक तोंड उघडं ठेवा म्हणजे ओल कोंडणार नाही. डबा भिंतीला टेकवून ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बदला. डांबरगोळ्या पॅचला टेकू देऊ नका, प्लॅस्टिकच्या पाकिटांसोबत तर ठेवूच नका. पावसाळा सरल्यावर कोरड्या दिवशी सगळे पॅच सावलीत तासभर उघडे ठेवून तपासा. उन्हात नाही. भिंतीवर फ्रेम लावायची हौस असेल तर तिथे रंगीत छापील प्रत लावा.

गणवेशावर शिवलेला पॅच उसवू नका. पॅच आणि गणवेश एकत्र असतील तर शिवण हाच पुरावा असतो. उसवला की दोन अर्धवट वस्तू उरतात.

प्रत्येक पॅचमागे एक कार्ड हवं : मापं, दोन्ही बाजूंचे फोटो, कापड आणि अस्तराचं वर्णन, कुणाकडून, कधी, किती रुपयांना, सोबतची कागदपत्रं कुठे ठेवली आहेत. शेवटी तुमचं स्वतःचं मत लिहा, तेही पेन्सिलने : ‘युद्धकालीन’, ‘शंका आहे’, ‘युद्धोत्तर’. नवी माहिती मिळाली की ते खोडून बदला आणि शेजारी तारीख टाका. घरातल्या एकाला तरी ही कार्डं कुठे आहेत आणि शंकेच्या खुणेचे पॅच विकताना ती शंका सांगूनच विकायचे, हे माहीत असू द्या.